आपण कसे दिसतो?

जगातील असंख्य चेहरे आपण पाहतो. आईवडिलांचे, भावंडांचे, वर्गमित्रांचे, इतकेच काय, वाटेने जाणाऱ्या परक्या माणसाचेही चेहरे आपल्याला सहज दिसतात. परंतु एक चेहरा असा आहे, की तो आपण जन्मात कधी प्रत्यक्ष पाहिलेला नाही आणि पुढेही पाहू शकणार नाही. तो म्हणजे आपला स्वतःचा! ज्या चेहऱ्यावर डोळे बसविलेले आहेत, तोच चेहरा त्या डोळ्यांना दिसू नये, ही निसर्गाची मोठी गमतीदार योजना आहे.

"आरसा आहे की!" असे तुम्ही चटकन म्हणाल. आरसा आहे हे खरे. पण आरशासमोर उभे राहून उजवा हात वर करून पाहा. आरशातील मूर्ती जणू डावा हात वर करते. तुमचा भांग डावीकडे असेल, तर त्या मूर्तीचा तो उजवीकडे असतो. म्हणूनच स्वतःचे छायाचित्र हाती आले, की पुष्कळांची मोठी निराशा होते. "छे! हा काही मी नव्हे," असे आपण म्हणतो, आणि शेजारी उभा असलेला मित्र मात्र म्हणतो, "अगदी हुबेहूब आला आहेस!" दोघेही प्रामाणिकपणेच बोलत असतात. आपल्याला सवय असते ती आरशातील चेहऱ्याची, तर मित्राला आपल्या खऱ्या चेहऱ्याची.

आवाजाची गोष्टही अशीच आहे. आता घरोघरी मोबाइल झाल्यामुळे आपला आवाज मुद्रित करून ऐकणे सोपे झाले आहे. तो पहिल्यांदा ऐकला, की मनुष्य दचकतो. 'माझा आवाज असा चिरका आहे?' असे त्याला वाटते. याचे कारण शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याच कानाला दोन वाटांनी येऊन मिळतो. एक वाट हवेतून बाहेरच्या कानापर्यंत येते आणि दुसरी कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत जाते. या दुसऱ्या वाटेने खालच्या स्वरांची भर पडते. त्यामुळे स्वतःचा आवाज आपल्याला भरदार वाटतो. ऐकणाऱ्याला केवळ हवेतून येणारा आवाज मिळतो आणि यंत्रही तोच टिपून ठेवते. म्हणजे जो आवाज आपण जन्मभर आपला समजतो, तो आपल्याखेरीज दुसऱ्या कोणीही कधी ऐकलेला नसतो!

चेहरा आणि आवाज या तर देहाच्या गोष्टी झाल्या. मनुष्याचा स्वभाव, त्याची वागणूक, त्याचे गुणदोष यांची स्थिती याहून वेगळी कशी असेल? 'मी असा आहे' असे एक चित्र प्रत्येकाने मनाच्या भिंतीवर टांगून ठेवलेले असते. 'हा असा आहे' असे दुसरे चित्र लोकांच्या मनात असते. ही दोन चित्रे एकमेकांशी जुळतातच असे नाही.

ती का जुळत नाहीत? मला वाटते, याचे पहिले कारण असे, की आपल्याला आपले हेतू दिसतात आणि लोकांना आपली कृती दिसते. समजा, तुम्ही मित्राला सकाळी आठ वाजता येतो म्हणून सांगितले आणि नऊ वाजता पोहोचलात. वाटेत सायकल पंक्चर झाली, ती ढकलत आणावी लागली, हे सारे तुम्हांला ठाऊक असते. त्यामुळे 'मी वेळ पाळणारा आहे' या तुमच्या समजुतीला कोठेही धक्का लागत नाही. मित्राला सायकल दिसलेली नसते. त्याला दिसते फक्त घड्याळ. आणि गंमत अशी, की दुसऱ्या दिवशी तोच मित्र उशिरा आला, तर आपणही त्याची सायकल पाहत नाही, घड्याळच पाहतो! 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच रचलेली नाही.

दुसरे कारण आपल्या स्मरणशक्तीचे आहे. आपल्याला सोयीच्या गोष्टी ती जपून ठेवते आणि गैरसोयीच्या गोष्टी हळूच बाहेर काढून टाकते. १८५९ साली 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा युगप्रवर्तक ग्रंथ प्रसिद्ध करणारे चार्ल्स डार्विन यांना आपल्या मनाची ही खोड पक्की ठाऊक होती. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट आढळली, की ती तत्काळ टिपून ठेवावयाची, असा नियम त्यांनी पुष्कळ वर्षे पाळला. अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी फार लवकर विसरल्या जातात, असा त्यांचा अनुभव होता. सृष्टीचे निरीक्षण करणाऱ्या इतक्या मोठ्या पुरुषाला जर एवढी सावधगिरी बाळगावी लागली, तर स्वतःचे निरीक्षण करताना आपण किती सावध असले पाहिजे बरे!

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातील माध्यमिक शाळेत मी मुख्याध्यापक असतानाची एक आठवण या संदर्भात सांगण्याजोगी आहे. सातवीच्या वर्गावर मी मराठीचा तास घेत असे. एके दिवशी मी मुलांना दोन कागद दिले. पहिल्या कागदावर 'मी कसा आहे' किंवा 'मी कशी आहे' हे चार ओळींत लिहावयाचे होते. दुसऱ्या कागदावर आपल्या आजूबाजूला बसणाऱ्या मुलामुलींविषयी लिहावयाचे होते. अट एकच होती. कोणाच्या रूपाविषयी, घराविषयी, जातीविषयी किंवा गरिबीविषयी चकार शब्द काढावयाचा नाही. जे वागणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असेल, तेवढेच लिहावयाचे. ते कागद कापून मी त्यांच्या चिठ्ठ्या केल्या, सर्व आधी स्वतः वाचल्या आणि नंतर ज्याच्या त्याला एकट्याला बोलावून त्याच्या हाती दिल्या.

वर्गात एक उंचपुरा, चलाख मुलगा होता. 'मी सर्वांना मदत करतो,' असे त्याने मोठ्या अक्षरांत लिहिले होते. त्याच्याविषयी चार चिठ्ठ्या आल्या होत्या. त्यांपैकी तिघांनी, एकमेकांना न विचारता, जवळजवळ एकच गोष्ट लिहिली होती. 'तो मदत करतो; पण नंतर सगळ्यांना सांगत सुटतो.' चिठ्ठ्या वाचून त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"सर, मी मदत करतो हे खोटं आहे का?" त्याने विचारले.

"नाही रे. तू लिहिलेस तेही खरे, आणि त्यांनी लिहिले तेही खरे," मी म्हणालो.

मग मी त्याला बेंजामिन फ्रँकलिन यांची गोष्ट सांगितली. फ्रँकलिन हे अमेरिकेतील एक थोर मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ होते. तरुणपणी त्यांनी आपल्या अंगी बाणवावयाच्या बारा गुणांची एक यादी केली. त्यासाठी एक लहानशी वही घातली आणि रोज रात्री ते आपल्या चुकांवर तीत काळे ठिपके मांडू लागले. त्यांचा एक मित्र होता. तो मित्र क्वेकर नावाच्या धर्मपंथाचा होता. त्याने सौम्य शब्दांत सांगितले, की लोक तुम्हांला गर्विष्ठ समजतात. वादात आपले म्हणणे बरोबर ठरले एवढ्यावर तुमचे समाधान होत नाही, तुम्ही समोरच्याला खाली पाहावयास लावता. त्याने तसे प्रसंगही दाखवून दिले. फ्रँकलिन रागावले नाहीत. त्यांनी आपल्या यादीत नम्रता हा तेरावा गुण लिहिला. 'निश्चितच', 'निःसंशय' असे शब्द टाकून देऊन 'मला असे वाटते', 'सध्या तरी मला असे दिसते' असे बोलण्याची त्यांनी सवय लावून घेतली. त्यामुळे लोकांशी होणारे त्यांचे संभाषण अधिक गोडीचे झाले. दर आठवड्याला एका गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचे, असा त्यांचा क्रम होता. तेरा गुणांची तेरा आठवड्यांत एक फेरी पूर्ण होई आणि वर्षातून अशा चार फेऱ्या होत. बारा गुणांची यादी त्यांनी स्वतःच्या बुद्धीने केली होती. पण तेरावा गुण मात्र मित्राच्या डोळ्यांवाचून त्यांना दिसला नसता. पुढे आत्मचरित्रात त्यांनी हसत हसत लिहून ठेवले आहे, की गर्व जिंकणे फार कठीण आहे; आपण तो पुरता जिंकला असे वाटले, तरी बहुधा आपल्या नम्रतेचाच आपल्याला गर्व होईल!

गोष्ट ऐकून तो मुलगा काही बोलला नाही. तो एका दिवसात पालटला, असेही मी म्हणणार नाही. परंतु काही दिवसांनी पावसात एका मुलाची सायकल चिखलात रुतली, ती कोणीतरी बाहेर काढून व्हरांड्यात आणून ठेवली. "कोणी आणली रे ही?" असे मी विचारले. हा समोरच उभा होता. त्याचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते. त्याने उत्तर द्यावयास तोंड उघडले, आणि मग एकदम मिटून तो नुसताच हसला.

त्याच वर्गात एक अबोल मुलगी होती. तिने स्वतःविषयी चार ओळी लिहिल्याच नव्हत्या. एकच लिहिली होती. 'माझ्यात सांगण्यासारखे काही नाही.' सातवीनंतर तिची शाळा बंद करावी, असे तिच्या घरी चालले होते आणि तिलाही त्यात काही वावगे वाटत नव्हते. तिच्या चिठ्ठ्या मी पुनःपुन्हा वाचल्या. एकीने लिहिले होते, 'पेन्सिल मागितली तर ती आपली अर्धी मोडून देते.' दुसऱ्याने लिहिले होते, 'ती कोणाची चहाडी करीत नाही.' तिसरी चिठ्ठी थोडी मोठी होती. 'मी आजारी होते तेव्हा तिने माझ्या वहीत सगळा अभ्यास उतरवून ठेवला. वही माझी वाटावी म्हणून अक्षरही माझ्यासारखे काढले.'

तिने त्या चिठ्ठ्या उभ्याउभ्याच वाचल्या, नीट घड्या घातल्या आणि कंपासपेटीत ठेवल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. त्या घड्या त्यांच्या हातात होत्या.

"हे पोरांनी लिवलंय का सर, का तुमी लिवलंय?" त्यांनी विचारले.

"मुलांनीच लिहिले आहे."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घरी ती बोलतच न्हाई. आमाला वाटलं, साळंतबी तशीच गुमान बसून आसंल."

ती मुलगी आमच्या शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. त्या तीन चिठ्ठ्यांमुळेच हे घडले, असा दावा मी करीत नाही. पण एवढे निश्चित, की स्वतःविषयीचे तिचे चित्र फार फिकट होते आणि तिच्या सोबत्यांनी पाहिलेले चित्र अधिक खरे होते. दुसऱ्यांच्या डोळ्यांत पाहिले म्हणजे आपले दोषच दिसतील, असे आपण समजतो. प्रत्यक्षात आपल्याला ठाऊक नसलेले आपले गुणही तेथे जपून ठेवलेले असतात.

मग लोक म्हणतील तेच खरे मानावयाचे का? तसेही नाही. ज्या डार्विनविषयी वर सांगितले, त्यांना लहानपणी शिक्षक आणि वडील अगदी सामान्य, किंबहुना सामान्याहून किंचित कमी बुद्धीचा मुलगा समजत. शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणे यांखेरीज तुला कशाचीही पर्वा नाही. तू स्वतःला आणि साऱ्या घराला कमीपणा आणशील, अशा शब्दांत वडिलांनी त्यांची एकदा कानउघाडणी केली होती. १८३१ साली 'बीगल' या जहाजातून जगप्रवासास जाण्याची संधी आली, तेव्हाही वडिलांचा प्रथम विरोध होता. डार्विनच्या मामांनी मात्र त्याच तरुणाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले आणि वडिलांचे मन वळविले. त्या पाच वर्षांच्या प्रवासाने जीवशास्त्राचा मार्गच बदलला. एकाच मुलाकडे पाहणारे हे दोन प्रेमळ डोळे. पण त्यांना दिसलेली चित्रे किती वेगळी! विशेष हे, की म्हातारपणी आठवणी लिहिताना डार्विननी वडिलांविषयी मनात अढी ठेवलेली नाही. त्यांच्यासारखा दयाळू मनुष्य मी पाहिला नाही, ते त्या वेळी रागाच्या भरात थोडे अन्यायाने बोलले असावेत, असेच त्यांनी म्हटले आहे.

तात्पर्य, लोकांचे मत हाही एक आरसाच आहे, आणि सगळे आरसे सारखे नसतात. जत्रेतल्या वाकड्या आरशांत बारीक मनुष्य लठ्ठ दिसतो आणि लठ्ठ मनुष्य काठीसारखा दिसतो. त्या आरशापुढे उभे राहून कोणी रडत बसत नाही. रागाने, मत्सराने किंवा थट्टेने बोललेला शब्द हा असा वाकडा आरसा असतो. तसाच आपल्याकडून काही मिळविण्यासाठी केलेला स्तुतीचा शब्दही. परंतु ज्याला आपले बरे व्हावे असे वाटते, ज्याने आपल्याला जवळून पाहिले आहे, त्याने काही सांगितले, तर ते ऐकून घ्यावे. आणि एकमेकांशी संबंध नसलेली तीन-चार माणसे एकच गोष्ट सांगू लागली, तर आरसा वाकडा आहे असे म्हणण्यापूर्वी आपला चेहरा एकदा चाचपून पाहावा.

याबाबतीत माझी स्वतःची कथाही मोठी मौजेची आहे. मी स्वतःला कवितेचा भक्त समजत आलो. वर्गात कविता म्हणताना मी रंगून जाई. मुलांच्या मनात आपली मूर्ती 'कवितेचे सर' अशीच असणार, याविषयी मला शंका नव्हती. मुलांनी मला ठेवलेले नाव मात्र होते 'घड्याळ'! घंटेबरोबर मी वर्गात पाऊल टाकीत असे, म्हणून. सेवानिवृत्तीच्या वेळी निरोपाच्या समारंभात पाचसहा माजी विद्यार्थी बोलले. एकानेही कवितेचा उल्लेख केला नाही. गावाच्या कडेला एक ओढा होता आणि पावसाळ्यात तो दुथडी भरून वाहत असे. त्यावरच्या अरुंद साकवावरून पलीकडच्या वाडीतील मुले ये-जा करीत. शाळा सुटल्यावर शेवटचे मूल पैलतीराला लागेपर्यंत मी छत्री घेऊन साकवाजवळ उभा राही. त्यात विशेष काही आहे, असे माझ्या मनात कधी आले नव्हते. मुख्याध्यापकाने हजेरीपट तपासावा, तसेच तेही एक काम. पण एक जण म्हणाला, "घोंगडीच्या खोळीतून मागं वळून बघितलं, की सरांची काळी छत्री दिसायची. मग साकवाची भीती वाटायची नाही." तीस वर्षे मी मुलांना कविता देत होतो असे मला वाटत होते, मुलांच्या आठवणीत राहिली ती छत्री.

यावरून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपण कोण आहोत हे आपण मोठमोठ्या गोष्टींवरून ठरवितो; आपल्याला आवडणाऱ्या, आपण मनात घोळवीत असलेल्या गोष्टींवरून ठरवितो. लोक मात्र आपल्याला आपल्या लहानसहान, रोजच्या वागण्यावरून ओळखतात. हाक मारली तर आपण 'ओ' देतो की नाही, मागून घेतलेले पुस्तक वेळेवर परत करतो की नाही, हरल्यावर दुसऱ्याचे अभिनंदन करतो की नाही, यांतून आपली मूर्ती दुसऱ्यांच्या मनात घडत जाते. ती घडविण्याचे काम आपल्या नकळत रोज चालू असते.

आणि मुलांनो, आणखी एक गोष्ट विसरू नका. दुसरे जसे आपले आरसे आहेत, तसे आपणही दुसऱ्यांचे आरसे आहोत. वर्गात नवीन आलेला एखादा मुलगा कोणाशी बोलत नाही. आपण लगेच ठरवून टाकतो, 'हा फार शिष्ट दिसतो.' तो बिचारा मनात म्हणत असतो, 'मी यांना आवडत नाही.' दोघांचीही चित्रे चुकलेली; आणि त्या चुकलेल्या चित्रांपायी एक मैत्री जन्मालाच येत नाही. एखाद्याला 'ढ' म्हणणे सोपे असते. पण तो शब्द ऐकून ऐकून त्याच्या मनाच्या भिंतीवर तसेच चित्र टांगले जाते आणि पुढे ते काढून टाकावयास वर्षे लागतात. कोणाची पेन्सिल अर्धी मोडून दिलेली आपण पाहिली असेल, तर तेवढे त्याला सांगावे. कोणाचे काही चुकत असेल, तर फ्रँकलिनच्या मित्राप्रमाणे एकांतात, सौम्य शब्दांत आणि प्रसंग दाखवून सांगावे. चारचौघांत हसून सांगितलेले सत्य टोचते. त्याचा उपयोग मात्र होत नाही.

स्वतःचा चेहरा स्वतःला दिसू नये, अशी निसर्गाची योजना आहे असे मी प्रारंभी म्हटले. विचार केला म्हणजे ती योजना मला शहाणपणाचीही वाटते. स्वतःला पाहण्यासाठी तरी माणसाला दुसऱ्या माणसाची गरज लागावी, असाच जणू तिचा हेतू असावा. उद्या वर्गात बसाल, तेव्हा शेजारच्या मित्राकडे एकदा नीट पाहा. त्याला न दिसणारी त्याची एखादी चांगली गोष्ट तुम्हांला दिसत असेल. आणि तुमची एखादी त्याला. ती एकमेकांना सांगावयास उद्याची मधली सुट्टी पुरेल.